ठकीच्या आधी मलाच प्रवेश मिळाला

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार (मनानेच, गुडघे आता ऐकत नाहीत). तुझा रक्तदाब, वहिनींचा खोकला आणि तुमच्या जिन्यातला दिवा, तिन्ही ठिकाणावर असतील असं धरून चालते. मी ठणठणीत आहे. संतापले की माझी तब्येत सुधारते, आणि गेला आठवडाभर मी संतापलेलीच आहे. फोनवर तू मला दुसऱ्या वाक्यापुढे जाऊ देत नाहीस, म्हणून हे हाताने लिहून त्याचे फोटो पाठवते आहे. चष्मा लावून वाच, आणि शुक्रवारच्या आत वाच. शुक्रवारी तू त्या खाजगी कॉलेजला ठकीची अनामत पाठवणार आहेस, आणि ती एकदा गेली की परत येत नाही. मी विचारून आले आहे.

तूच मला हुकूम सोडलास की मी या देशात राहते, तर तुझ्या नातीसाठी दोन्ही कॉलेजं डोळ्यांनी बघून यावीत. (‘आणि खाजगीच बरं म्हणून कळवावं’, हे तू बोलला नाहीस, पण मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढला आहे, माणसं जे गिळतात ते मला आधी ऐकू येतं.) तुझं म्हणणं मला पाठ आहे. बाबांनी पोटाला चिमटा काढून आपल्याला कॉन्व्हेंटमध्ये घातलं, मग तू नातीला इतक्या लांब पाठवून सरकारी बाकावर का बसवावंस. त्यात पोरीला शिकायचं आहे सांडपाणी शुद्ध करायचं शास्त्र. तू चारचौघांत ‘केमिस्ट्री’ सांगतोस असं वहिनी म्हणाल्या. सांडपाणी म्हण, दादा. ते तुझ्याही मोरीतून जातं.

आधी खाजगीत गेले. काचेचं दार मी समोर उभी राहताच आपोआप उघडलं. मला ते आवडलं नाही; कोणाला आत घ्यायचं याचा दारानं निदान क्षणभर विचार करावा. आतला सोफा असा की एकदा बसलं की दुसऱ्यानं ओढून काढावं लागतं. टाय लावलेला एक गोड मुलगा समोर आला (पद ‘प्रवेश सल्लागार’, वय आपल्या ठकीपेक्षा जरा जास्त), आणि म्हणाला, आधी थोडी माहिती भरून घेऊ. नाव विचारलं. जन्मतारीख विचारली. पासपोर्ट कुठला, ते विचारलं. आता आपल्याला सिस्टरनी काय शिकवलं होतं? विचारलं तेवढंच सांगावं आणि खरं सांगावं. मी माझं नाव सांगितलं, माझी जन्मतारीख सांगितली, पासपोर्ट अजून आपल्याकडचाच आहे म्हटलं. विषय विचारला तेव्हा सांडपाणी म्हटलं. या सगळ्यात त्यानं एकदाही मान वर केली नाही. मग संगणक टिंग वाजला, तो उठून उभा राहिला आणि माझा हात हातात घेऊन म्हणाला, ‘अभिनंदन. परदेशी विद्यार्थिनी म्हणून तुमचा तात्पुरता प्रवेश झाला.’

माझा, दादा. अडुसष्टाव्या वर्षी.

मी म्हटलं, अहो, मी नातीसाठी आले आहे. तो जराही गडबडला नाही. ‘मग तर उत्तमच, दोघी या. एकाच कुटुंबातल्या दोघांना सवलत आहे.’ प्रयोगशाळा दाखवा म्हटलं, तर भिंतीवरचा नदीचा फोटो दाखवला. प्रयोगशाळा म्हणे ‘सहयोगी संस्थेत’ असते. कुठली संस्था, ते विचारून सांगावं लागेल. निघताना त्यानं मला कॉलेजची पिवळी टोपी दिली, आणि तेव्हापासून रोज सकाळी फोनवर संदेश येतो की माझं स्वप्न माझी वाट पाहत आहे. पाहू दे.

मग सरकारी. इथलं दार खांद्यानं ढकलावं लागतं. लिफ्ट बंद. माहितीच्या खिडकीमागे स्वेटर घातलेल्या एक बाई बसल्या होत्या, माझ्याच वयाच्या आणि (मनापासून सांगते) माझ्याच स्वभावाच्या.

‘तुम्ही कोण?’

‘मुलीच्या आजोबांची बहीण.’

‘मग तुम्हाला काही सांगता येणार नाही. मुलीनं स्वतः लिहावं.’

‘ती लहान आहे हो.’

‘लहान आहे तर कॉलेजात कशाला येते?’

आणि खिडकी लावून घेतली. इतक्या थोडक्यात मला आजवर कोणी गप्प केलेलं नाही. (तू खूश होऊ नकोस.)

तणतणत मी स्वच्छतागृह शोधायला निघाले. पाट्या कुठेच नव्हत्या, तेव्हा वासाच्या मागे गेले, आणि दार उघडलं तर ती ठकीच्या विषयाची प्रयोगशाळा. टेबलांवर गढूळ पाण्याच्या बरण्याच बरण्या, बाह्या सरसावलेले मास्तर, आणि नाक मुरडायचं विसरलेली पोरं. मी मागच्या स्टुलावर बसले. कोणी हटकलं नाही. एक परदेशी मुलगी उठली आणि अडखळत, मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाली की फळ्यावरचा तिसरा आकडा चुकला आहे. मास्तरांनी बराच वेळ फळ्याकडे पाहिलं, मग सगळा फळा पुसला. म्हणाले, ‘बरोबर. माझं चुकलं. पहिल्यापासून करू.’ दादा, आपल्या कॉन्व्हेंटमध्ये हे वाक्य तू कधी ऐकलं होतंस? आपल्याकडे आकडा चुकला तर पट्टी आपल्याच हातावर बसायची.

तास संपला आणि पिवळ्या टोप्या घातलेला एक घोळका दारात येऊन उभा राहिला. माझ्याच कॉलेजची मुलं (मला प्रवेश मिळालेला आहे, विसरू नकोस). सहयोगी संस्था ती हीच. सरकारी मुलांचं आटोपलं की उरलेल्या बरण्या यांना मिळतात, आठवड्यातून एक संध्याकाळ, तेही मास्तरांना सवड असेल तर.

आता न्यायानं बोलते. सरकारी म्हणजे फुकट, या भ्रमात राहू नकोस. परदेशी मुलांकडून तेही जास्तच घेतात. व्हिसाला लागणारे कागद तिथे गोगलगायीच्या पावलांनी येतात, विमानतळावर घ्यायला कुत्रंही येत नाही, आणि खिडकीतल्या बाई तर तुला सांगितल्याच. खाजगीवाले कागद चटकन देतील, तो गोड मुलगा बॅगाही उचलेल. पण पोरीला बॅगा उचलून घ्यायच्या नाहीत, तिला बरण्या हव्या आहेत. बाबांनी आपल्यासाठी खाजगी शाळा निवडली नव्हती, शिकवणारी माणसं निवडली होती. तीच नजर तू लाव. आणि जे कॉलेज मला घेतं, त्यानं ठकीला घेतलं यात ठकीचं कौतुक ते काय?

वहिनींना नमस्कार. अनामत पाठवू नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. तू नकाशा काढून बघशीलच, म्हणून मीच सांगते. सरकारी कॉलेज माझ्या घरापासून चालत जाण्यासारखं आहे. वर लिहिलेल्या मताशी याचा संबंध नाही. असलाच तर फार थोडा.

ता. क. मागच्या खोलीला रंग दिला. भिंती खराब झाल्याच होत्या.

ता. क. पत्र लिहून झालं आणि ठकीचा फोन आला. तिनं त्या खिडकीतल्या बाईंना स्वतः कधीच लिहिलं होतं, बाईंचं सविस्तर उत्तरही आलं, आणि ती सरकारीला हो म्हणून मोकळी झाली आहे. तुला सांगायची हिंमत होत नव्हती, ते काम आता माझ्या हातून झालं. म्हणजे मी उगीचच पायपीट केली. आणि ‘आत्याआजी, मी हॉस्टेलला राहिले तर चालेल ना?’ असं तिनं फार हळू विचारलं. मी म्हटलं, अगदी योग्य, माणसानं आपलं आपण राहायला शिकावं. तेव्हा तू तिला ‘आत्याआजीकडेच राहा’ असं मुळीच म्हणायचं नाही. म्हणालास तर मी तुझ्याशी बोलणार नाही. फक्त, हॉस्टेलांमधली कपडे धुवायची यंत्रं कायम बिघडलेली असतात, असं कुठेतरी ऐकल्याचं सहज तिच्या कानावर घाल. माझं यंत्र चालू आहे. रविवारी तर मी घरीच असते.