आमचं दुकान सध्या एका पर्समध्ये आहे

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. (लोक हा शब्द सवयीने लिहितात. मी गेले दोन आठवडे टेबलाखाली वायरी चाचपत आडवाच असतो, तेव्हा माझा अगदी खरा धरावा.) तुमची कंबर कशी आहे? मामी तुमच्याशी बोलायला लागल्या का? फोनच करणार होतो, पण दुकानातला फोन बाबांच्या कोपरापाशी असतो, आणि बाबांची नजर अधू झाली असली तरी कान शाबूत आहेत. म्हणून हे पत्र.

तुम्ही प्रेमाने दिलेला संगणक उत्तम चालू आहे. (तो तुमच्या ऑफिसने टाकून दिलेला होता हे आम्हाला मागे चिकटलेल्या ‘निकामी’ अशा चिठ्ठीवरून कळलं, पण प्रेम ते प्रेमच.) सकाळी बटण दाबून बाबा शटर उघडतात, झाडून घेतात, काउंटरच्या काचा पुसतात, एका गिऱ्हाइकाची फ्रेम सरळ करून देतात, तोवर तो जागा होतो. अकरा वर्षांतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या चष्म्याचा नंबर त्याच्या डॉक्युमेंट्समध्ये आहे. दोन आठवड्यांपूर्वी त्याने जाहीर केलं की सी ड्राइव्ह भरला, आता एक नंबरही मावणार नाही. बाबांनी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, हात्तिच्या, डॉक्युमेंट्सची जागा सी-वरून डी-वर हलवा, पोरगा करेल, पाच मिनिटांचं काम. हे वाक्य मी फ्रेम करून दुकानात लावणार आहे.

मी तुमच्या आज्ञेप्रमाणे डॉक्युमेंट्सवर उजवं बटण दाबलं, प्रॉपर्टीज उघडल्या, त्यात लोकेशन, त्यात ‘मूव्ह’. सगळं बिनचूक. आता डी निवडायचा, तर डी म्हणजे सीडी घालायची ती खाच निघाली, जी तुमच्याच ऑफिसात कधीतरी वारली असावी. तिच्याखाली ई दिसला. मोकळा, ऐसपैस. म्हटलं मामांच्या बोलण्यात एखादं अक्षर इकडचं तिकडे होणारच, आणि ई निवडला. सगळ्या फायली नव्या जागी नेऊ का, असं त्याने अदबीने विचारलं. मी हो म्हटलं. (कॉलेजात इतक्या अदबीने कुणी काही विचारलं असतं तर मी आज पदवीधर असतो. तिथे मी भांडून बाहेर पडलो, दार आपटलं आणि त्यात माझंच बोट सापडलं, हे तुम्हाला आईने सांगितलंच असेल.)

ई म्हणजे पेनड्राइव्ह होता. वरच्या मजल्यावर डोळ्यांचे डॉक्टर आहेत, त्यांची सहायक रोज दहा वाजता आदल्या दिवशीच्या पेशंटांचे नंबर त्यात घालून आणते. तो तिचा होता. ती शेजारच्याच खुर्चीत बसली होती. (मी त्या वेळी पडद्याकडे किती बघत होतो आणि इतरत्र किती, हा विषय वेगळा.) पडद्यावर आधी पाच मिनिटं दिसलं, मग चार तास, मग नव्वद सेकंद; बोलण्याच्या बाबतीत तो थेट तुमच्या वळणावर गेलाय. प्रत्यक्षात चाळीस मिनिटं लागली. ती शांतपणे बसली, काम झाल्यावर पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकला आणि आमचं अकरा वर्षांचं दुकान घेऊन वर निघून गेली.

दुपारी बाबांनी डॉक्युमेंट्स उघडले तर ही जागा उपलब्ध नाही म्हणे. बाबांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं, मग पडदा पुसला, मग माझ्याकडे बघितलं. पुढचा अर्धा तास मी गाळतो. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा बाबांनी दुकान परत मागितलं. तिने पेनड्राइव्ह लावला आणि एवढंच म्हणाली, “काका, मी बाकी काही वाचलं नाही. पण तुमचा स्वतःचा नंबर चार वर्षांपूर्वीचा आहे.” बाबांना माणसांची अशी पारख आवडते. मला ओरडणं तिथल्या तिथे थांबलं.

तेव्हापासून रोजचा क्रम असा: दहाला ती येते, पेनड्राइव्ह लावते, बाबा पंधरा मिनिटांत आदल्या दिवशीच्या चिठ्ठ्या भरतात, ती दुकान घेऊन जाते. दिवसभर आम्ही कागदावर. परवा एका गिऱ्हाइकाने, ही बाई मशीन अडवून किती वेळ बसणार, असं विचारलं. मी त्याला दुकानाचा दरवाजा दाखवला. तो तरातरा निघाला आणि काचेच्या कपाटात शिरता शिरता राहिला, कारण त्याचा चष्मा माझ्या हातात होता. मी तो दिला. मन मोठं ठेवावं लागतं.

फायली परत आणण्याचे मी पुष्कळ प्रयत्न केले. यंत्र जुनं आहे, ऐकत नाही. दोष कुणाचा हे मी लिहीत नाही, तुम्ही समजूतदार आहात. मामींना नमस्कार.

आपला,
कॉलेजबाहेरचा भाचा

ता. क. बाबांनी तुम्हाला पुढच्या शनिवारी दुरुस्तीला बोलावलंय. कृपा करून येऊ नका. आलात तर बघा, मान हलवा आणि हे आता असंच राहणार म्हणून सांगा. त्याच खिडकीत ‘रिस्टोर डिफॉल्ट’ नावाचं बटण आहे, एकदा दाबलं की सगळं मूळ जागी येतं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. (सी-वरची जुनी अडगळही मी केव्हाच काढून टाकली आहे, जागेचा प्रश्न नाही.) पण डॉक्टर आता नंबरांचे फोटो सरळ बाबांच्या मोबाइलवर धाडतात. तिला खाली यायला त्या फायलींशिवाय दुसरं कारण उरलेलं नाही. तुम्ही बटण दाबलंत की ती परत येणार नाही, आणि मग मी काय करीन ते मलाही माहीत नाही.

ता. क. २. पाकिटावर घालायला तुमचा पत्ता हवा होता, तो डॉक्युमेंट्समध्ये असतो. सवयीने उघडलं, आणि उघडलं की. पेनड्राइव्ह नाही, ती जाऊन पाच तास झालेत, आणि सगळ्या फायली जागच्या जागी. मी दुकानाबाहेर जास्त वेळ फक्त मंगळवारी होतो, काचा आणायला. बाबा मागे मशीनवर काच घासत होते, त्यांना त्या आवाजात दुसरं काही कळत नाही. परतलो तेव्हा साडेअकरा झाले होते आणि ती अजून बसलेली होती. माझ्यासाठी थांबली असं समजून त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो. बटण तिनेच दाबलं, मामा. मला आधी भयंकर राग आला. खुर्ची लाथाडली. मग बोटांवर मोजलं. बुधवार, गुरुवार, आज शुक्रवार. तीन दिवस ती दहाला खाली येऊन रिकामा पेनड्राइव्ह लावून बसते आहे.

ता. क. ३. पुढच्या शनिवारी याच. दहाच्या आधी या आणि बाबांना नव्या चष्म्याचा नंबर काढायला वर डॉक्टरांकडे घेऊन जा, निदान अर्धा तास. संगणकाला काही झालेलं नाही. मला तिला एक गोष्ट विचारायची आहे आणि बाबांच्या देखत माझी जीभ उचलत नाही.