सिमकार्डापुरती पत

फ्लीटवुड,
मंगळवार, दुपारचा चहा घेऊन

प्रिय थेल्माताईस, धाकट्या ग्लेनिसचा मनापासून नमस्कार.

बर्नार्डभाऊजींचा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि तुझी नवी कवळी तुला बोलू देत असेल, अशी आशा करते. (बोलू देत नसेल तर भाऊजींना सुटीच मिळाली म्हणायची.) पाकिटावर माझं अक्षर बघून तुला वाटलं असेल, की आता कोण गेलं? कुणी गेलेलं नाही. फोन गेला.

गेला तोही एन्टविसलबाईंच्या मोरीत. त्या अठ्ठ्याऐंशीच्या. दर तीन महिन्यांनी केस कुरळे करून घेतात, आणि आपण वाकल्यावर पाहुण्यांना मान दिसते म्हणून मागची रांग जास्त घट्ट गुंडाळायला लावतात. मी त्यांचं डोकं धुवायला वाकले आणि फोन एप्रनच्या खिशातून थेट त्या औषधाच्या पाण्यात. बाहेर काढला तेव्हा त्यातून फेस येत होता. बाई पंचा गुंडाळून म्हणाल्या, "अगं, तो सरळ होता, आता कुरळा होईल इतकंच!" आणि बिस्किटांचा डबा पुढे केला. मी दोन बिस्किटं खाल्ली. रडू येत असताना मला भूक लागते, ते तुला माहीत आहे.

आता फोनावाचून माझं चालत नाही. घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांचे केस करणारी मी, बोलावणंच आलं नाही तर कात्री घेऊन काय रस्त्यावर उभी राहू? त्यात नेमकं त्याच आठवड्यात समुद्राकडच्या वृद्धाश्रमाने पुढच्या महिन्यापासून दर गुरुवारी चोवीस डोकी द्यायचं कबूल केलं होतं. तिथल्या मुख्य बाईंची एकच अट: निरोप ठेवला की उलट फोन लगेच आला पाहिजे. माझा जुना फोन आधी पैसे भरा मग बोला अशातला होता, आणि त्यांचे दोन निरोप आले तेव्हा उलट फोन करायला त्यात नेमका खडखडाट होता. "तिसऱ्यांदा असं झालं तर दुसरी बघीन," असं त्यांनी अगदी गोड आवाजात सांगितलं. तेव्हा मी ठरवलं, की आता महिन्याच्या कराराचाच फोन घ्यायचा, आणि तोही स्वतःच्या सहीवर.

इथे तुला एक गोष्ट सांगायला हवी. तू खुर्चीत बस. तीन वर्षांपूर्वी मी तुला सांगितलं, की सलून मला कंटाळा आला म्हणून बंद केलं. ते खोटं होतं. सलून बुडालं. ट्रेव्हरने (तेव्हा तो माझा नवरा होता) खुर्च्या, आरसे आणि ते इटालियन ड्रायर माझ्या नावावर उचलले, आणि मी न वाचता सह्या करत गेले, कारण त्याच वेळी मी कुणाचे तरी केस रंगवत होते. शेवटी सावकारांशी कायदेशीर करार झाला: पाच वर्षं दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची, बाकीचं ते सोडणार. त्यावर देखरेख करायला प्रेस्टनच्या पिकरिंगबाई आहेत. माझं नाव सरकारी यादीत आहे, कुणीही बघावं. तू बघितलं नाहीस म्हणून वाचले. दोन वर्षं उरली आहेत आणि एकही हप्ता चुकलेला नाही, हे मात्र तू मोठ्याने वाच.

तर मी चांगला कोट घालून पहिल्या दुकानात गेले. विक्रेता इतका आनंदी होता, की मला वाटलं आमचं लग्नच ठरतंय. चकचकीत फोन, दोन वर्षांचा करार, महिना अडतीस पौंड. मग त्याने माझं नाव संगणकात घातलं आणि त्याचा चेहरा असा पडला, जणू मीच त्याच्या मांजरावर गाडी घातली. तो आवाज खाली आणून म्हणाला, "काहीतरी अडचण दिसते हो." तो मोठ्याने बोलला असता तर कुणी लक्षही दिलं नसतं. कुजबुजल्यामुळे सगळी रांग कान देऊन ऐकायला लागली. मी मान ताठ ठेवून बाहेर आले आणि ताठ मानेमुळे काचेच्या दारावर आपटले. दुसऱ्या कंपनीने नकार घरबसल्या दिला, लायब्ररीतल्या संगणकावर, त्यामुळे कपाळ वाचलं.

ही बातमी ट्रेव्हरच्या कानावर गेली. (तो दोन गल्ल्या सोडून राहतो आणि मला टाळण्याऐवजी भाजी आणून देतो.) दारात लीकची जुडी धरून म्हणाला, "ग्लेन, माझ्या नावावर घे ना. आपलंच आहे सगळं." ताई, त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. पण दुसऱ्याच्या नावावर घेण्यातूनच हे सगळं उगवलंय. मी म्हटलं, "लीक ठेव आणि जा." त्याने लीक ठेवले. सूप चांगलं झालं.

मग शेजारणीच्या फोनवरून पिकरिंगबाईंना गाठलं. खरं तर हे आधीच करायला हवं होतं, पण मुख्याध्यापिकेला घाबरावं तशी मी त्यांना घाबरते. त्या शांतपणे म्हणाल्या, की पाचशे पौंडांवरची उधारी त्यांच्या लेखी परवानगीशिवाय घ्यायची नाही, आणि तो महिना अडतीस पौंडवाला फोन म्हणजे दोन वर्षांत नऊशेवर जाणारी उधारीच. "पण मिसेस रोबॉटम, तुम्हाला फोन उधार कशाला हवाय? फोन जुना विकत घ्या. करार नुसत्या सिमचा करा, महिन्या-महिन्याचा. त्याला माझी ना नाही." तीन आठवडे वणवण केली ती एवढ्याशा वाक्यासाठी! बाजारात पंचेचाळीस पौंडांना कोपरा फुटलेला फोन घेतला आणि ब्लॅकपूलची ट्राम धरली.

या वेळी मी संगणकाला बोलायची संधीच दिली नाही. तिथल्या फोनच्या दुकानात काउंटरवर माझ्याच वयाची एक बाई होती. कोटाची बटणं सोडायच्या आधीच मी सगळं सांगून टाकलं: करार, यादी, ट्रेव्हर, ड्रायर. आवाज मुद्दाम मोठा ठेवला. मागे उभे असलेले गृहस्थ फोनची कव्हरं फार मन लावून बघायला लागले. बाईंनी ऐकून घेतलं, नाव टाईप केलं आणि पडद्याकडे बघतच म्हणाल्या, "माझा असाच करार मार्चमध्ये सुटला. सहा वर्षं भरत होते. शेवटच्या हप्त्याच्या दिवशी मी केक कापला, एकटीनेच." आम्ही दोघी पडद्याकडे बघत राहिलो. तिथे एक चकती गरगरत होती, गरगरतच होती. मग हिरवी खूण आली. बाई म्हणाल्या, "घ्या, सही करा." महिना सात पौंड, ताई. तेवढ्यासाठी मी अशी घाईने सही केली, की ती आडनावात जाऊन घसरली. त्यांनी ती चालवून घेतली.

वृद्धाश्रमाचा नंबर त्यांच्या पत्रावर होता, तो लागला. तिथल्या मुख्य बाई लगेच म्हणाल्या, "गुरुवारी नऊला या, आणि दोन पुरुषही आहेत, त्यांना भुवया कापून हव्यात." गेल्या गुरुवारी चोवीस डोकी आणि चार भुवया करून आले. पाय सुजले. झोप छान लागली.

भाऊजींना आणि मांजराला आठवण सांग. तुझी,

ग्लेनिस

ता. क. — सलूनचं भाऊजींना सांगू नकोस. किंवा सांग. ते क्लबात सगळ्यांना सांगतील, म्हणजे मला वेगवेगळं सांगत बसायला नको.

ता. क. दुसरा — पत्र लिहिण्याचं खरं कारण हे, की जुन्या फोनबरोबर सगळ्यांचे नंबर गेले. हवं तेवढं बोला असा करार हातात आहे आणि मला पाठ असलेला एकच नंबर म्हणजे डार्वेनचा, आईच्या घरचा, तिच्या माघारी आपण विकलं त्या. रविवारी तोच लावला. कुणीतरी म्हातारे गृहस्थ बोलले. "कोण हवं होतं?" मी म्हटलं, "बहीण." ते म्हणाले, "ती इथे नाही हो." आणि तरी फोन ठेवेनात. मीही ठेवला नाही. पाच-एक मिनिटं आम्ही हवेबद्दल बोललो. तेव्हा एका कार्डावर तुझा नंबर लिहून लगेच टाक. एक आणि सात वेगळे काढ, तुझे सारखेच दिसतात.