वारा येतो कुठून

धुळे,
३ मार्च २०२५

ती. अक्का यांस,
ज्योतीचा सा. न. वि. वि.

पाकीट पाहून दचकला असाल. फोन असताना भावजयीनं पत्र लिहावं, म्हणजे काहीतरी बिनसलं आहे, हे तुम्ही ओळखलंच असेल. घर दोन खोल्यांचं. मी इकडे बोलले की तिकडे आईंना ऐकू जातं आणि ह्यांना तर जातंच. ह्यांनी मला शपथ घातली आहे की कुणाला सांगायचं नाही. लिहायचं नाही असं मात्र ते म्हणालेले नाहीत.

ह्यांचं घोरणं परत सुरू झालं आहे. नाकाला हवा देणारं ते मशीन लावलेलं असताना.

आबांच्या तेराव्याला पाहुण्यांच्या गर्दीत ह्यांचा श्वास अडकताना तुम्हीच पाहिलात. घड्याळ लावून बसलात आणि आठवड्यात झोपेची तपासणी करून घेतलीत. मशीन आलं त्या रात्री घरात इतकं गप्प झालं की मी दोनदा उठून ह्यांच्या छातीला हात लावून पाहिला. दोन महिने मी माणसासारखी झोपले. गेल्या दहा-बारा दिवसांपासून पुन्हा तेच. आधी गुरगुर, मग मोठा आवाज, मग काहीच नाही, आणि मग एकदम घुसमटून उठणं. ह्यांना विचारलं तर म्हणतात, तुला सवय झाली आहे, तू स्वप्नात ऐकतेस.

मी गप्प बसले असते. पण हे चालवतात त्या शाळेच्या बसवर मुलं उतरवून घेणाऱ्या सुनंदाबाई शुक्रवारी बाजारात भेटल्या. त्यांनी सांगितलं की रेल्वे फाटक उघडलं, पुढच्या गाड्या गेल्या, तरी आपली बस हलेना. त्या पुढे गेल्या तर ह्यांची हनुवटी छातीवर. बसमध्ये बेचाळीस मुलं आहेत, अक्का.

तुम्ही चौतीस वर्षं वॉर्डात काढलीत. मी काय करू ते सांगा. बाकी आई बऱ्या आहेत, तुमच्या भाचीचा, पुनमचा, दहावीचा पेपर चांगला गेला.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
ज्योती

*

जळगाव,
७ मार्च २०२५

चि. सौ. ज्योतीस,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

शपथेतून तू जी वाट काढलीस, ती पाहून माझ्या भावाला बायको बरी मिळाली याची पुन्हा खात्री पटली. आता कामाचं.

मशीन चालू असून माणूस घोरत असेल तर हवा घशापर्यंत पुऱ्या जोरानं पोचत नाही. ती वाटेत कुठंतरी गळते किंवा अडते. सकाळी त्याचं तोंड कोरडं पडतं का? तो उताणा झोपतो का? मास्कची रबराची कड रोज धुतेस का? तेलकट झाली तर ती चेहऱ्याला धरत नाही. मशीनच्या मागच्या जाळीला काही टेकलेलं नाही ना? नळी कुठं चिरली आहे का? एकेक पाहा आणि मला लिही. मास्कचे पट्टे करकचून ओढू नका, त्यानं उलट कड मुडपते. मशीनचा दाब मात्र तुम्ही कुणी बदलायचा नाही. आत एक कार्ड असतं, त्यावर प्रत्येक रात्रीची नोंद असते. ते डॉक्टरांना दाखवा.

आणि एक गोष्ट विचारून नव्हे, सांगून करायची. हे निस्तरेपर्यंत त्यानं बसला हात लावायचा नाही. फाटकापाशी गाडी उभी होती. पुढच्या वेळी उभी असेलच असं नाही. तुझ्यानं बोलवत नसेल तर मी येते.

आईला इतक्यात काही सांगू नकोस. आबांना जाऊन जेमतेम तीन महिने झालेत.

पुनमला पेढे माझ्याकडून. लवकर लिही, इकडे माझंही लक्ष लागत नाही.

तुझी,
सुलक्षणाअक्का

*

धुळे,
११ मार्च २०२५

ती. अक्का यांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही लिहिलेलं सगळं केलं. मशीनवर पुनमनं शिवलेलं कव्हर होतं. आपल्याकडे मिक्सरलासुद्धा अंगरखा लागतो, तर ह्याला का नाही, असं तिला वाटलं. रात्री ते काढतात, पण मी ते पेटीतच टाकलं. मास्क रोज साबणाच्या पाण्यानं धुते. नळी पाण्यात बुडवून पाहिली, बुडबुडा नाही. उशी बदलली, कुशीवर झोपवलं. तोंड सकाळी कोरडं नसतं. तुम्ही नको म्हणालात तरी एकदा ह्यांनीच चिडून पट्टे ओढले. सकाळी गालावर वळ होते आणि घोरणं तसंच.

एक कळलं. मी अंधारात ह्यांच्या तोंडासमोर हात धरला. मास्कच्या वरून वारा लागत नाही, बाजूनंही नाही. खालच्या बाजूनं लागतो, ओठाच्या वर. सू सू असा बारीक आवाजही येतो. रबराची कड नीट बसवली की क्षणभर थांबतो, मग पुन्हा सुरू.

आता वाईट ते लिहिते. काल सोमवारी गावाबाहेरच्या मोरीपाशी बस डांबर सोडून खाली उतरली. सुनंदाबाई ओरडल्या तेव्हा ह्यांनी स्टिअरिंग वळवलं. कुणाला खरचटलंही नाही. मुलांना वाटलं काकांनी गंमत केली, त्यांनी टाळ्या वाजवल्या. सुनंदाबाई म्हणाल्या, मी आठवडाभर थांबेन, मग शाळेत सांगेन. माझी नातही त्याच बसमध्ये आहे.

मी ह्यांना म्हटलं, रजा टाका. ते म्हणाले, टाकतो, कायमचीच टाकतो, मग घर तू चालव. आईंपुढे मात्र हसत असतात. आईंचं तर काय सांगू. सकाळी हे ओट्यावर चहा घेत मिशीला पीळ देतात आणि आई दारातून बघत राहतात. परवा म्हणाल्या की पुढून बघावं तर थेट आबा बसल्यासारखे वाटतात. डिसेंबरनंतर त्या पहिल्यांदा हसल्या.

काय चुकतं आहे ते मला सापडत नाही. सापडवा.

आपली,
ज्योती

*

जळगाव,
१५ मार्च २०२५

चि. सौ. ज्योतीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मग मोबाईलमधला तो फोटो काढला. मशीन आलं त्या दिवशी तूच पाठवला होतास. मास्क लावून योगेंद्र पायलटसारखा हात करून बसलाय आणि पुनम मागे हसते आहे.

ज्योती, त्या फोटोत त्याला मिशी नाही.

आबांच्या दहाव्याला डोकं आणि मिशी उतरवली होती. मास्कचं माप घेतलं ते त्या चेहऱ्याचं. नाकावरच्या मास्कची खालची कड बरोबर ओठाच्या वर टेकते. तिथं आता बोटभर केस आहेत. रबर त्वचेला धरणार कसं? तुझ्या हाताला लागतो तो वारा तिथूनच येतो. पंचवीस वर्षं आपण त्याला मिशीतच पाहिलं, म्हणून ती परत आलेली कुणाच्या ध्यानात आली नाही. ती नव्हती तेच आपल्याला वेगळं वाटत होतं. मी नर्स असून मला दिसलं नाही, याची मला लाज वाटते.

तरी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय हे खरं धरू नका. कारण दुसरंही असू शकतं.

सोबतची चिठ्ठी त्याला दे. मला कळवल्याबद्दल तुझ्यावर चिडला तर चिडू दे. उद्यापासून तो बस चालवणार नाही, असं मी त्यात स्वच्छ लिहिलं आहे.

मिशीचं आईला कसं सांगायचं ते मात्र मला सुचत नाही. आपल्यात मिशी कशासाठी काढतात ते तुला ठाऊक आहे.

काळजीत,
अक्का

*

धुळे,
१८ मार्च २०२५

ती. अक्का,
सा. न.

तुझी चिठ्ठी मिळाली. तुम्ही दोघी माझ्या नाकाखाली माझ्याच नाकाविषयी पत्रं लिहीत होतात, हे कळल्यावर मी आधी ज्योतीवर चिडलो. मग कार्ड घेऊन डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी कॉम्प्युटरवर दाखवलं. जानेवारीत रेघ सपाट, फेब्रुवारीपासून चढत गेली आहे. रात्रभर हवा गळते. श्वास तासाला वीसदा अडकतो. मी मिशीचं विचारलं तर ते हसले नाहीत. म्हणाले, हेच कारण दिसतं. नाकपुड्यांत बसणारा वेगळा मास्क मिळतो, मिशी असली तरी चालतो, पण माझ्या मापाचा यायला दहा-बारा दिवस, आणि तो सोसेल की नाही ते लावल्यावर कळणार. नाहीतर आज मिशी काढा, आज रात्री झोपा.

बसचे मालक चंदनशेठ यांना मी खरं तेच सांगितलं. तापाचं निमित्त करणार होतो, पण सुनंदाबाई समोर उभ्या होत्या. शेठ म्हणाले, डॉक्टरांची चिठ्ठी आण, मग चावी घे. महिनाअखेरपर्यंत दुसरा माणूस लावतो. त्यापुढे नाही.

पण अक्का, मी मिशी काढणार नाही. आई समोर बसलेली असताना, घरात कुणी गेलेलं नसताना, कोऱ्या तोंडानं तिच्यापुढे जायचं माझ्यानं होणार नाही. आणि माझ्यात आबा फक्त तिलाच दिसतात असं समजू नकोस, आरशात मलाही दिसतात. आबांचा आवाज मी विसरायला लागलो आहे. चेहरा तेवढा हातात आहे.

मोरीपाशी काय झालं ते मला आठवत नाही. सुनंदाबाई सांगतात म्हणून मी खरं मानतो. भीती त्याचीच वाटते.

मी नव्या मास्कची वाट बघतो.

तुझा,
योगेंद्र

*

धुळे,
२१ मार्च २०२५

ती. अक्का यांस,
सा. न. वि. वि.

आईंना काही सांगायचं नाही असं आपण ठरवलं होतं. त्यांना पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं. भिंत आपल्याला जितकी जाड वाटते तितकी नाही. परवा रात्री ह्यांचा श्वास अडकला तेव्हा मी मोजत होते, आणि पलीकडून आईंच्या माळेचे मणीही एकेक पुढे सरकत होते. श्वास आला तेव्हा मणी थांबले.

काल सकाळी त्या उठल्या आणि आबांची दाढीची डबी काढून ओट्यावर ठेवली. वाटीत कोमट पाणी. हे चहा घेत होते. डबी पाहून उठायला लागले, तर आईंनी खांद्यावर हात ठेवून बसवलं. ह्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले की आई, असं करत नसतात, लोक विचारतील कोण गेलं. आईंचा आवाज चढला नाही. म्हणाल्या, “तुना बाप गया तवय काढी. आते तू ऱ्हावाले पाहिजे म्हनीसन काढ.”

गेलेल्या माणसासाठी एकदा काढली, आता राहणाऱ्यासाठी. मग फेस त्यांनी स्वतः लावला. वस्तरा ह्यांनी फिरवला. वरच्या ओठाला एक ओरखडा आला आहे. सगळं झाल्यावर आई बराच वेळ ह्यांच्याकडे बघत बसल्या, आणि त्या आबांना शोधत नव्हत्या एवढं मला कळलं. शेजारच्या बाईंनी कुंपणावरून विचारलंच, काय झालं म्हणून. आईंनी सांगितलं की काही झालं नाही, काही होऊ नये म्हणून.

नाकपुड्यांचा मास्क आला की डॉक्टर तोही लावून बघणार आहेत. जमला तर मिशी पुन्हा वाढेल. चावी मात्र चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, हे ह्यांनी स्वतःहून पुनमला सांगितलं.

काल रात्री मी मास्कखाली हात धरला. वारा लागला नाही. घोरणं नाही, गुरगुर नाही, नळीतला नेमाचा बारीक श्वास तेवढा. मला झोप येईना. दोनच्या सुमाराला भिंतीपलीकडून आईंनी हळू आवाजात विचारलं, “योगेंद्र शे ना वं?”

मी ह्यांच्या छातीवर हात ठेवला, आहेत हे पाहिलं, आणि म्हटलं, “शे.”

या बाजूला कधी येताय ते कळवा. तोवर माया अशीच असू द्या, आमचीही इथं आहे.

तुमची,
ज्योती