खोली घुमत नव्हती

रत्नागिरी,
१४ नोव्हेंबर १९८६

प्रिय लवू,

तुझ्या बोटीवरचा शिवा मागच्या आठवड्यात घरी आला आणि सहज एक वाक्य बोलून गेला. तेव्हापासून मी घाबरले आहे, म्हणून लिहिते आहे. ते वाक्य क्रमाने येईल. मधली पानं गाळून शेवट आधी वाचायची तुझी सवय मला माहीत आहे. या वेळी तसं करू नकोस.

तुझ्या नानांचे कान गेले आहेत. पूर्ण नाही, वरचे सूर तेवढे. बोटीवरच्या इंजिनरूममध्ये बावीस वर्षं काढून त्यांनी घरामागच्या खोलीत भजनांचं रेकॉर्डिंग सुरू केलं, तेव्हा तू नुकताच बोटीवर लागला होतास. दहा बाय नऊची खोली, चारही भिंती जांभ्याच्या. एवढ्याशा जागेत खालचे सूर कोपऱ्यांत साठतात आणि पखवाज असतो त्याच्या दुप्पट वाटतो. फिजिक्सची पदवी माझी, पण हे मला त्यांनी दाखवलं. सिंगापूरचे ते स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढले, कोपऱ्यांत काथ्याची पोती उभी केली आणि स्पीकरमागचं बासचं बटण दोन खुणा खाली आणलं. स्पीकर खरं बोलला की टेप खरी उतरते, म्हणायचे. पहिली तीन वर्षं त्यांच्या कॅसेटला कोणी नाव ठेवलं नाही.

मग बटण तिसऱ्या खुणेवर गेलं, मग चौथ्या. गेल्या वर्षी पार तळाला. तरी त्यांचं एकच, खोली घुमते. आणखी पोती आणली, दारावर गोधड्या टांगल्या. शेवटी टेपमधलाच पखवाज कापायला आणि झांज चढवायला लागले. पालीचे महिपतबुवा कॅसेट घेऊन थेट स्वयंपाकघरात माझ्याकडे आले, "बाई, आमचा पखवाज गिळलान कोणी? आणि ही झांज कानात दाभण घालते!" नानांना ते म्हणाले नाहीत. म्हणायचा धीर मलाही झाला नाही.

मी काय केलं ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. पखवाज, पेटी, झांज आणि गळा मशीनवर वेगवेगळे भरलेले असतात. नाना दुपारी आडवे झाले की मी बटण पुन्हा दुसऱ्या खुणेवर आणायची, सगळं नव्याने एका टेपवर उतरवायची आणि बटण होतं तसं तळाला नेऊन ठेवायची. बाजारात गेली ती माझी टेप. लोक त्यांना म्हणत, नाना, हात आहे तुमचा. ते खूश होऊन घरी येत आणि मी भाकरी थापत असे.

दिवाळीआधी तिन्हीसांजेला आम्ही ओटीवर बसलो होतो. म्हणाले, यंदा रातकिडे नाहीत गं, बागांना औषधं मारतात ना. लवू, रातकिडे इतके किरकिरत होते की मला त्यांचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी एकटीच कानाच्या डॉक्टरांना विचारून आले. इंजिनाच्या आवाजाने आधी वरचे सूर जातात, खालचे तसेच राहतात. माणसाला बहिरेपण जाणवतच नाही. त्याला वाटतं, सगळं घुमतंय.

गणपतीत तुला बुवांच्या भजनाची कॅसेट पाठवली, ती मी उतरवलेली. तू लिहिलंस, आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो, नानांना सांग बास कमी करा. नानांनी ते पत्र मला दोनदा वाचून दाखवलं. "बघ, पोरगा दर्यावर बसून सांगतो. कान माझा घेतलान!" मी स्वतःला समजावलं, बोटीवरचा टेपरेकॉर्डर खराब असेल. मग शिवा आला. तो डेकवर असतो, इंजिनाजवळ नाही. म्हणाला, "काकी, त्याच टेपरेकॉर्डरवर आम्ही रोज ऐकतो. पखवाज काय बोलतो! लवू एकटाच म्हणतो घुमतंय, आम्ही त्याला हसतो."

तू पंचवीस वर्षांचा आहेस आणि इंजिनरूममध्ये तुला पाचच वर्षं झाली आहेत. पुढच्या बंदरात उतरताच कान तपासून घे आणि कागद मला पाठव. खाली इंजिनाकडे जाताना सोबत पाठवलेला कान झाकायचा जोड घालायचा, रोज, डेकवरचे हसले तरी. गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. उरलेलं राखता येतं. काल नानांना सगळं सांगितलं, माझ्या चोरीसकट. वाटलं, ओरडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "लवूला कधीपासून?" ते तू सांग.

तुझीच, तुझ्या कागदाची वाट पाहणारी,
आई

शिवाच्या हाती दिलं: इंजिनाच्या आवाजात कान झाकायचा जोड, एक, मुंबईहून मागवलेला. कानात घालायची मेणाची बोंडं, दोन डब्या. डॉक्टरांनी तुझ्यासाठी लिहिलेला कागद, एक. नानांनी लिहिलेलं पाकीट, एक, चिकटवलेलं. आत काय आहे मी पाहिलेलं नाही. चारही वस्तू मिळाल्याची सही: शिवा, पूर्णगड.