‘मले’चं ‘मला’ केलं

जऊळका, रविवार, १९५७

आज रेडिओवर प्रांताप्रांतांच्या गाण्यांची चढाओढ लागली. वऱ्हाडाकडून मी गायली होती, मायनं जात्यावर शिकवलेली ओवी. गाणं भरून घ्यायच्या वेळी परीक्षक मले म्हणाला, "बाई, 'मले' नको, 'मला' म्हणा. शुद्ध वाटतं." अन् मी म्हटलं! काहून म्हटलं? त्याच्या थोबाडीत द्यावी वाटून राह्यलं. माह्याबी.

स्टेशनमास्तरच्या रेडिओपुढं सारं गाव बसलं होतं. पहिला नंबर वऱ्हाडाचा. लोकं टाळ्या वाजवून राह्यले, मायनं तेवढ्या नाही वाजवल्या.

"माय, आवडलं नाही काय?"

"चांगली गायली थे पुण्याची बाई," माय उठत म्हणाली. "तुहं गाणं कवा लागते?"

आवाज तिनं ओळखला होता. माह्या तोंडाकडं पाहूनच बोलली थे.