गोदीबाहेरचं कासव

४ मार्च

नाही म्हणायला हवं होतं! साहेबांनी नव्या गेमसाठी युद्धनौका मागितली आणि मी मान डोलावून आले. अंतराळात लढणारी, छोटी, आठ माणसांची. पण चिलखत असं की मोठमोठ्या जहाजांनी तोफा डागून दमावं. "तुझ्याशिवाय कोणाला जमणार?" म्हणाले. चढवलं हरभऱ्याच्या झाडावर!

घरी आईंना सांगितलं. आई म्हणजे सासूबाई. आता घरात आम्ही दोघीच. त्यांनी एवढंच विचारलं, "बुडणार नाही ना गं?"

म्हटलं, आई, तिथे पाणीच नसतं.

"मग बरं."

त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, मालवाहू जहाजावर होता, इंजिनरूममध्ये. जहाज बुडालं त्याला आता तिसरं वर्ष. काही माणसं सापडली, काही नाही. तो सापडला नाही. आई अजून म्हणतात, "येईल." मीही म्हणते. न म्हणून कसं चालेल?

७ मार्च

नाव ठेवलं — कासव. चिलखत दुप्पट जाड केलं. वजन वाढलं, म्हणून खिडक्या काढल्या. तरी वाढलं, म्हणून झोपायच्या निम्म्या जागा काढल्या. झोपतील पाळीपाळीने. चष्मिष वैतागला. (आमचा प्रोग्रामर. खरं नाव ऑफिसात कोणी घेत नाही.) "ताई, ही नौका आहे की तिजोरी?"

तिजोरीच. आतलं कोणी जाऊ नये, एवढंच हवंय मला.

८ मार्च

आणखी जाड केलं.

१२ मार्च

एक अडचण. अंतराळात नौका तापली की आपोआप निवत नाही. उष्णता बाहेर सोडायला मोठे पातळ पत्रे लावावे लागतात, तेही चिलखताच्या बाहेर. आणि लढाईत पहिला मार त्यांनाच! मी ते सरळ आत घेतले.

"मग उष्णता जाणार कुठे?" चष्मिष.

बघू म्हटलं. काहीही उघड्यावर ठेवायला हात धजत नाही माझा. वेडेपणा आहे, कळतं.

कप्तानाला आवाज हवा होता. तात्पुरता म्हणून आमच्याकडे एकच पडून आहे — त्याचा. शेवटच्या सुट्टीत मला न्यायला ऑफिसात आला, तेव्हा चष्मिषने धरून माइकपुढे बसवलं होतं. चारच वाक्यं. शेवटचं गोदीत परततानाचं: "आम्ही आलोय. दार उघडा!" आणि त्यामागे हसणं. त्याला हसू आवरलंच नव्हतं.

"काढू का, ताई?" चष्मिषने खाली बघत विचारलं.

राहू दे म्हटलं.

१५ मार्च

पहिली चाचणी. सगळे खुर्च्या ओढून बसलेले. शत्रूने चारही बाजूंनी झोडपलं, पण कासव फुटलं नाही! साहेबांनी टाळ्या वाजवल्या. लढाई संपल्यावर कासव आपलं आपण वळलं, गोदीशी आलं आणि बाहेरच थांबलं. दार उघडेना.

"आम्ही आलोय. दार उघडा!" हसणं. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

चष्मिषने आत काय झालंय ते काढून बघितलं. आठही माणसं मेलेली! लढाई निम्मी झाली तेव्हाच, उष्णतेने भाजून. चिलखताला काही नाही, आत एक जिवंत नाही. आत जिवंत माणूस असेल तरच गोदीचं दार उघडतं, असा आमचाच नियम. आणि मेल्यावर कप्तानाचं बोलणं बंद करायचं कोणालाच सुचलं नव्हतं.

सगळे पोट धरून हसले. मीही हसले. मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

१६ मार्च

"मेला की आवाज बंद. एका ओळीचं काम," चष्मिष म्हणाला. मी करते म्हटलं. लॅपटॉप घरी आणला.

केलं नाही.

१७ मार्च

लिफ्टमध्ये "दार उघडा" ऐकू येतं. भांडी घासताना येतं. आज नळ बंद करून ऐकत उभी राहिले. शेजारच्यांचा टीव्ही होता.

भीती वाटते. आवाज बंद केला तर त्याला मीच मारलं असं होईल. आणि नाही केला तर तो जन्मभर बाहेरच.

१८ मार्च

दुपारी घरूनच काम. काम कसलं? कासव गोदीबाहेर उभं करून नुसती ऐकत बसले होते. आई वाळलेले कपडे घेऊन मागे कधी आल्या, कळलंच नाही.

"हा आवाज—"

"जुना आहे, आई. रेकॉर्ड केलेला."

"कोणाला म्हणतोय, दार उघडा?"

सांगितलं सगळं. आतली माणसं मेलीत म्हणून दार उघडत नाही.

"पण घरी आलेत ना?"

"आलेत."

"मग मेलेल्याला आत घ्यायचं नाही, असं कोणी ठरवलं?"

आईंचा चेहरा पांढराफटक. कपडे तिथेच टाकून खोलीत गेल्या त्या जेवायलाही उठल्या नाहीत.

१९ मार्च

नियम बदलला. नौका आपली असेल तर दार उघडायचं. आतले कसेही असोत.

"साहेब बोंबलतील हां, ताई."

बोंबलू देत!

घरी येऊन लावून बघितलं. दार उघडलं, कासव सावकाश आत आलं आणि आवाज थांबला. मी काही बंद केलं नाही. बोलायचं कारण संपलं, म्हणून थांबला.

आईंना दाखवलं. ढसाढसा रडल्या. मला वाटलं, मोकळ्या झाल्या बिचाऱ्या.

२० मार्च

जहाज बुडाल्यावर महिन्याभराने कंपनीचा माणूस घरी आला होता. मी ऑफिसात होते. दूरच्या एका बंदरात मृतदेह सापडलाय, ओळखायला चला म्हणाला. मला "बहिणीकडे जाते" सांगून आई एकट्याच गेल्या. आज सकाळी चहा निवत ठेवून हे सांगितलं.

"तोच होता गं. मी म्हटलं, हा माझा नाही."

"का, आई?"

"हो म्हटलं असतं, तर मेला असता."

तिथेच पुरलाय, बेवारस म्हणून. उद्याच्या गाडीने आम्ही दोघी निघतोय, त्याला घरी आणायला.