घरातले चमचे

आई,

तुम्ही बाळाला पाणी पाजत होतात, तेव्हा मी तुमच्या हातातला चमचा हिसकावला, आणि तुम्ही तडक गावी निघून गेलात. मला एचआयव्ही आहे, आई. मी रोज गोळ्या घेते. सहा महिने बाळाला फक्त अंगावरचं दूध द्यायचं, पाण्याचा थेंबही नाही, असं नर्सबाईंनी बजावलंय.

तुम्ही गेल्यावर तासाभरातच शेजारीण बाळाला पाणी पाजायला निघाली, तर घरात एकही चमचा सापडेना. पिठाच्या डब्यामागे लपवलेल्या माझ्या गोळ्या मात्र घड्याळाशेजारी नीट मांडलेल्या. तुमचा लेक शपथेवर सांगतो, तो काही बोललेला नाही. मग तुम्हाला कळलं तरी कधी?

फोनवर विचारायचा धीर होत नाही, म्हणून लिहितेय. चहातली साखर सुरीने ढवळतेय. चमचे सहा महिने तुमच्याकडेच राहू द्या.

तुमची,
भांडकुदळ सून